उपाशी हौद

मी सागरी जीवशास्त्र शिकले ते लातूर जिल्ह्यात. हे वाक्य कुठेही म्हटलं की समोरचा माणूस आधी हसतो, आणि मग माझं तोंड बघून गप्प होतो. वसतिगृहात आठवड्यातून दोनदा टँकर यायचा. त्या पाण्यात कशीबशी अंघोळ उरकून आम्ही वर्गात जायचो आणि भरती-ओहोटी शिकायचो. समुद्र आमच्याकडे होता, पण काचेच्या बरण्यांत. त्यातल्या एका बरणीत शार्कचं पिल्लू होतं. कित्येक वर्षं पोरांनी हाताळून हाताळून त्याची शेपटी गळून गेली होती. आमच्या वर्गातल्या एकाने तोंडी परीक्षेत शार्कला शेपूट नसते असं ठणकावून सांगितलं, आणि परीक्षकांनी बरणीकडे एकदा बघून त्याला पास केलं.

या शास्त्रात मी हौसेने आले नाही. प्रवेशाच्या यादीत हे एकच कॉलेज लागलं. नांदेडच्या जुन्या गावात अब्बांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान आहे. डोळ्याला भिंग लावलेलं तसंच ठेवून त्यांनी विचारलं, “इसमें डॉक्टर बनते क्या?” मी म्हटलं, पुढे पीएचडी केली तर बनते. तेवढं त्यांना पुरलं. तेव्हापासून दुकानात सेल बदलायला आलेल्या माणसालासुद्धा ते सांगू लागले की बेटी डॉक्टर होतेय. मी सुट्टीत घरी गेले की गल्लीतल्या खाला गुडघे दाखवायला यायच्या. मी मासे बघते असं सांगितलं तर म्हणायच्या, “हां हां, पर घुटना तो देख ले.” मग मी गुडघा बघायचे. अब्बांकडून मला दोन गोष्टी मिळाल्या, बारीक काम करायची सवय आणि तापट स्वभाव. या दोन्हींचा मला त्या हौदांवर सारखाच त्रास झाला.

हौद सहा होते. कॉलेजच्या मागच्या माळावर ओळीने बांधलेले, सिमेंटचे, छातीएवढ्या उंच भिंतींचे. माझे मार्गदर्शक, ज्यांना आम्ही नुसतं सर म्हणायचो, त्यांनी मला विषय दिला होता तो असा. आपल्याकडे शेततळ्यात मासे पाळणारा माणूस रोज खाद्य घालू शकतोच असं नाही. कधी खाद्य संपतं, कधी माणूस गावाला जातो, कधी कंटाळतो. मग मासे आठ दिवस उपाशी ठेवले आणि पुढचे आठ दिवस पोटभर घातलं, तर ते मागे पडलेली वाढ भरून काढतात का? सरांचं मत होतं की काढतात. सरांचा एकूणच भरपाईवर फार विश्वास. पोरगा एका परीक्षेत नापास झाला तर पुढच्या परीक्षेत भरून काढील, श्रावण कोरडा गेला तर भादवा भरून काढील, असं ते शांतपणे सांगायचे आणि चहा मागवायचे.

प्रयोग सोपा होता. बोटाएवढी रोहूची पिल्लं, ज्यांना आमच्या शास्त्रात बोटुकली म्हणतात, ती सहा हौदांत सारखी सोडायची. एक ते तीन नंबरच्या हौदांना रोज खाद्य. चार, पाच आणि सहा नंबरला आठ दिवस काही नाही, मग आठ दिवस खाद्य, मग पुन्हा काही नाही. असं श्रावणापासून दिवाळीपर्यंत. बोटुकली वर्षातून एकदाच मिळायची आणि माझी पीएचडीची मुदत त्याच वर्षाअखेर संपत होती. प्रयोग फसला तर पदवी गेली, एवढं मला स्वच्छ माहीत होतं.

हौदांवर राखण करायला आप्पा होते. साठीचे, गळ्यात लिंग, कपाळावर भस्माचे पट्टे, आयुष्यात माशाला बोट न लावलेले. त्यांना त्याच कारणासाठी ठेवलं होतं. त्यांच्या आधीचा राखणदार मासे खाणारा होता. त्याच्या काळात माझ्या एका सीनियरचा अख्खा प्रबंध, शेवटच्या वजनाच्या आठवडाभर आधी, रश्श्यात गेला. तेव्हा सरांनी धोरण ठरवलं की मासे राखायला मासे न खाणारा माणूसच हवा. लिंगायत घरातला, पक्का शाकाहारी, सोमवार धरणारा असा माणूस त्यांनी शोधून आणला आणि विभागाच्या बैठकीत ही गोष्ट संशोधनासारखी मांडली.

आप्पा उंचीने फार कमी होते. हौदाच्या भिंतीवरून त्यांना आत दिसायचंच नाही. म्हणून त्यांनी प्रत्येक हौदापाशी एकेक दगड आणून ठेवला होता. रोज सकाळी ते दगडावर चढायचे, आत वाकून माशांना “शरणार्थ” असा नमस्कार घालायचे, उतरायचे, पुढच्या दगडावर चढायचे. एकदा त्यांचे थोरले भाऊ काहीतरी निरोप घेऊन आले, तर मला तो माणूस त्यांचा भाऊ वाटेचना. चांगला उंचापुरा, दाराला डोकं लागेल असा. मी थट्टेने म्हटलं, “आप्पा, तुमच्या वाटणीचं दूधसुद्धा दादांनीच प्यायलं वाटतं.” आप्पा हसले आणि म्हणाले, “तसंच म्हणा.” दादा मात्र हसले नाहीत.

प्रयोग सुरू झाला त्या दिवशी मी आप्पांना ओळीने सगळं समजावून सांगितलं. हे तीन रोज जेवतील, हे तीन आठ दिवस उपाशी.

“ह्या तिघांनी काय केलं?” आप्पांनी विचारलं.

“काही नाही केलं. त्यांना उपास आहे.”

“कुणाचा?”

आता याला काय सांगायचं? मी म्हटलं, “विज्ञानाचा.”

आप्पांनी मान डोलावली. नवा देव असेल, आपल्याला माहीत नसेल, अशी ती मान होती. “किती दिस म्हणलाव?”

“आठ. डब्यातलं खाद्य यातल्या एकाही हौदात पडायचं नाही. एक दाणासुद्धा नाही. मी रोज डबा वजन करून ठेवणार आहे.”

“न्हाई पडायचं,” आप्पा म्हणाले. आणि खरंच, शेवटपर्यंत डब्यातला एक दाणा इकडचा तिकडे झाला नाही. वहीतलं आणि काट्यावरचं वजन रोज जुळायचं. अब्बांची मुलगी म्हणून मला त्याचा अभिमान वाटायचा.

पहिल्या आठ दिवसांनी मी मासे काढून वजन केलं. उपाशी मासे वाळायला हवे होते, पण वाळले नव्हते. दुसऱ्या वेळी तर पाच नंबरचे मासे रोज खाणाऱ्यांपेक्षा गुबगुबीत निघाले. मी काटा तीनदा तपासला, सरांनी चौथ्यांदा तपासला. मग सरांनी चष्मा काढला, आभाळाकडे बघितलं आणि म्हणाले, “मी म्हणत होतो की नाही?”

तिथून पुढे विभागात उत्सव सुरू झाला. सरांनी जिल्ह्याच्या एका वर्तमानपत्राला बोलावलं. बातमी आली, ‘निम्म्या खाद्यात पूर्ण मासा’. खाली माझा फोटो, हातात एक बोटुकली, जी आता बोटुकली राहिलीच नव्हती. अब्बांनी ते कात्रण दुकानाच्या काचेला आतून चिकटवलं. दोन खाला फोन करून म्हणाल्या की आता गुडघ्याचंही काहीतरी निम्म्यात कर.

एकच गोष्ट खटकत होती. उपासाच्या आठवड्यात चार ते सहा नंबरच्या हौदांचा तळ नळीने साफ करताना पांढरट, अर्धवट पारदर्शक, गोल दाणे निघायचे. बोटांत चिकट लागायचे. रोज खाणाऱ्या हौदांत ते नसत, फक्त उपाशी हौदांत. मी ते सूक्ष्मदर्शकाखाली ठेवले. सर आले, सरांचे दोन सहकारी आले, सगळ्यांनी आळीपाळीने डोळा लावला. एक म्हणाले गोगलगायीची अंडी. दुसरे म्हणाले, अंड्यांना आत ठिपका हवा, इथे तो नाही, तेव्हा ही काहीतरी बुरशी. सर म्हणाले की मासे उपाशी असतात तेव्हा पाण्यात हा जीव येतो, म्हणजे कदाचित मासे त्यालाच खाऊन वाढत असतील. आम्ही चौघंही त्या कल्पनेने थक्क झालो. नमुना औषधात बुडवून बाटलीत भरला, वर चिठ्ठी लावली, ‘अनोळखी’, आणि समुद्रकाठच्या एका मोठ्या संस्थेकडे ओळख पटवायला पाठवून दिला. घरात रोज दिसणारी वस्तू भिंगाखाली गेली की माणसाला ओळखू येईनाशी होते. मी ज्या घरात वाढले तिथे भिंग रोजचं होतं, मला तरी कळायला हवं होतं.

नवरात्रात वसतिगृहाच्या मेसमध्ये नऊ दिवस दुपारी फराळच असायचा. माझा काही उपास नसायचा, पण मेसमध्ये दुसरं काही नसलं की मीही तेच खायचे आणि खरं सांगायचं तर आवडीने खायचे. चौथ्या-पाचव्या माळेला ताटात खिचडी पडली. मी पहिला घास उचलला. बोटाला एक दाणा चिकटला. गोल, पांढरट, अर्धवट पारदर्शक. मी तो दाणा उजेडात धरला.

ताट तसंच टाकून मी भर दुपारी माळावर पळत गेले. रोज त्या वेळी मी जेवायला जायचे आणि हौदांवर आप्पा एकटे असायचे. त्या दिवशी ते चार नंबरच्या दगडावर उभे होते. काखेत पितळी डबा, हातात चमचा. चमचा भरून घ्यायचे, पाण्यावर हळूच पसरायचे, तोंडाने “हं, दमानं, दमानं” म्हणायचे. खाली पाणी नुसतं उकळत होतं, मासे इतके तुटून पडले होते.

“आप्पा!” मी एवढ्या जोरात ओरडले की ते दगडावरून पडता पडता राहिले. “काय करताय हे?”

“फराळ घालायलो,” आप्पा म्हणाले. चोरी पकडल्याचा मागमूस चेहऱ्यावर नव्हता.

डब्यात भिजवलेला साबुदाणा होता, दाण्याचा कूट होता, शिजवलेली भगर होती. त्यांची बायको रोज पहाटे उठून माझ्या माशांसाठी ते करत होती. मी मूर्खासारखं विचारलं, “यात मीठ आहे?”

“सैंधव हाय. साधं मीठ उपासाला चालत न्हाई. मिर्ची न्हाई घातली, लहान जीव हाईत.”

मग माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी काय काय बोलले ते आता नीट आठवत नाही. माझी पदवी, माझी मुदत, अब्बा, सर, विश्वासघात, सगळं एका दमात बोलले. आप्पा दगडावरून उतरून खाली मान घालून ऐकत राहिले. माझा दम संपल्यावर म्हणाले, “डब्यातला एक दाणा दिला का मी? वजन करून बघा.”

“वजन मरू दे! उपाशी ठेवायचं होतं ना त्यांना?”

“उपासच हाय की त्यांला. उपासाला फराळ लागतोयच. फराळाबिगर उपास असतोय व्हय कुठं? आमच्यात तर न्हाई. तुमच्यात कसं?”

“आमच्यात पाण्याचा थेंबसुद्धा चालत नाही,” मी म्हटलं. अजून रागातच होते.

“दिसभर?”

“दिवसभर.”

“आन् दिस बुडल्यावर?”

“मग सोडतो.”

“रोजच्या रोज सोडता न्हवं?” आप्पा म्हणाले. “आठ दिसांचा उपास कोण धरतंय? कुन्या देवानं सांगितलाय?”

मी तिथेच पाच नंबरच्या दगडावर बसले आणि रडले. आप्पा थोडा वेळ घुटमळले. मग डबा बंद करून म्हणाले, “माय, तू जेवली न्हाईस वाटतं आज.”

पुढचे पाच-सहा दिवस मी कुणाला काही सांगितलं नाही, हे कबूल करते. माझ्या डोक्यात हिशेब चालू होता. हे फक्त आप्पांना आणि मला माहीत आहे. आता फराळ बंद झाला, पण प्रयोगही जवळजवळ संपलाच आहे. आकडे सुंदर आहेत. फराळाबद्दल कुणी विचारलेलं नाही, कुणी विचारणारही नाही. अशा वेळी मनाला किती सबबी सुचतात याचं मला आजही नवल वाटतं.

दसऱ्यानंतर नांदेडला शेतकरी मेळावा होता. सर त्यात आमचा शोध मांडणार होते, बाहेरून एक मोठे परीक्षक येणार होते आणि माझ्या प्रबंधाचं त्यांच्यासमोरच जवळजवळ पक्कं होणार होतं. अब्बा दुकान बंद ठेवून आले, इस्त्रीचा सदरा घालून शेवटच्या रांगेत बसले. सर बोलले, पडद्यावर आकडे आले, टाळ्या झाल्या. सरांनी विचारलं, कुणाला काही शंका?

उमरीकडचे एक निवृत्त मास्तर उठले. त्यांच्या एका हातात आमच्या बातमीचं कात्रण होतं, लॅमिनेशन केलेलं, आणि दुसऱ्या हातात प्लास्टिकची पिशवी. मास्तर थेट पुढे आले आणि पिशवीतले तीन मासे त्यांनी सरांच्या टेबलावर, फुलदाणीच्या शेजारी, ओळीने मांडले.

“सर, मी दीड महिन्यापासून तुमच्या शास्त्रानं चालून राहिलो,” मास्तर म्हणाले. “आठ दिवस उपाशी ठेवले. फरक पडेना, मंग म्हणलं पंधरा दिवस ठेवावं, जास्त गुण येईल. आता हे बघा. मुंडकं हाय, शेपूट हाय. मधला मासा कुठं गेला?”

सभागृह हसलं. मासे खरंच तसे होते, मोठी डोकी आणि मागे नुसती काडी.

“तुमच्या पाण्यात काही दोष असेल,” सर म्हणाले.

“पाणी तर मी बी पितो.”

“मग बी चांगलं नसेल.”

“बी तुमच्याच कॉलेजातून नेलं, सर. पावती हाय.”

सरांनी माझ्याकडे बघितलं. मास्तरांनीही बघितलं, फोटोतली बाई हीच हे ओळखून. त्यांच्या डोळ्यांत राग नव्हता. ते कात्रण त्यांनी जपून धरलं होतं आणि चूक आपलीच असणार असं समजून ते विचारायला आले होते. मला ते सहन झालं नाही. मी उभी राहिले.

“सर, आपल्या हौदातले मासे उपाशी नव्हते,” मी म्हटलं. “ते फराळ करत होते.”

“काय करत होते?” परीक्षकांनी पुढे वाकून विचारलं.

“फराळ. साबुदाणा, दाण्याचा कूट आणि भगर. सैंधव घालून.”

मागे कुणाला तरी हसू फुटलं आणि सगळं सभागृह हसायला लागलं. मी मास्तरांकडे बघून सांगितलं की त्यांचे मासे बरोबर आहेत, आमचे चुकीचे आहेत, आणि त्यांनी आजच जाऊन खाद्य घालावं. सरांनी विचारलं, कुणी घातला फराळ? मी म्हटलं, “उपाशी ठेवा एवढंच मी सांगितलं होतं. फराळ द्यायचा नाही हे सांगितलं नव्हतं. चूक माझी आहे.”

वाटलं होतं आता आरडाओरडा होईल, पण झाली ती प्रश्नोत्तरं. हदगावच्या एका शेतकऱ्याने विचारलं की साबुदाण्याने जास्त वाढतात की भगरीने. दुसऱ्याने विचारलं रताळं चालतं का. तिसऱ्याने उठून सांगितलं की त्याच्या सासुरवाडीला राजगिऱ्याचे लाडू करतात, हवे तर आणून देतो. बाहेरून आलेले परीक्षक वही काढून गंभीरपणे म्हणाले, “फराळाचं प्रमाण काय होतं?” मी म्हटलं, “मूठभर, अंदाजे.” त्यांनी ते लिहून घेतलं. आमच्या मेळाव्याला इतका रंग त्याआधी कधी चढला नव्हता असं पुढे बरेच दिवस लोक सांगायचे.

मी अब्बांच्या स्कूटरवर मागे बसून घरी निघाले. गोदावरीच्या पुलावर ते म्हणाले, “नमक कौनसा बोली तू?”

“सैंधव.”

“अच्छा.” पूल संपल्यावर, घड्याळाबद्दल बोलावं तसं म्हणाले, “एक साल पीछे चल रही, बस. मिला लेंगे.” मी त्यांच्या पाठीला डोकं टेकवलं. त्यांनी दुकानाच्या काचेवरचं कात्रण काढलं नाही, नुसता त्यावर एक कॅलेंडरचा कागद लावला.

विद्यापीठाच्या समितीने प्रयोग रद्द केला आणि मला एकदाच, शेवटची, वर्षभराची मुदत वाढवून दिली. सरांनी नवं धोरणही मांडलं की राखणदार आता मासे खाणाराच ठेवावा, तो निदान खाऊ तरी घालणार नाही. मी म्हटलं, आप्पाच राहतील, नाहीतर मी करत नाही. सगळ्यांसमोर चूक माझी म्हणायचं आणि शिक्षा आप्पांना द्यायची, हे मला जमणार नव्हतं. त्याच सुमारास समुद्रकाठच्या संस्थेचं पत्र आलं. तज्ज्ञांच्या तपासणीनंतर नमुना पिष्टमय वनस्पतिजन्य पदार्थाचा असून सजीव नाही, असं त्यात लिहिलं होतं. सरांनी ते फाईलला लावलं.

पुढच्या श्रावणात नवी बोटुकली आली. मी आप्पांना समोर बसवलं.

“आप्पा, या वेळी फराळपण नाही. काहीच नाही.”

“आठ दिस?”

“आठ दिवस. मग आठ दिवस पोटभर.”

आप्पा म्हणाले, “बरं. मंग माझा बी दुपारचा डबा बंद.”

“तुमचा काय संबंध?”

“त्यांच्या म्होरं बसून माझ्या नरड्याखाली उतरायचं न्हाई. शास्त्राची काय ना असंल का?”

शास्त्राची काही ना नव्हती. उपासाचे आठ दिवस आप्पा दुपारी नुसतं पाणी पिऊन चार नंबरच्या दगडावर बसायचे. ते बसलेले असताना मला मेसमध्ये जाववेना, म्हणून मीही पाच नंबरच्या दगडावर बसायचे. मासे वर येऊन आमच्याकडे बघायचे आणि आम्ही त्यांच्याकडे. एकदा सर आले, आमची ओळ बघितली आणि मला म्हणाले की उपाशी जीव आता दोनने वाढले, त्यांचीही वहीत नोंद ठेव. ते थट्टा करत होते की नाही हे मला अजून माहीत नाही.

या वेळी आकडे खरे आले. उपासाच्या आठवड्यात मासे वाळायचे. खाद्य मिळालं की पाणी फेसाळेपर्यंत खायचे, थोडे सावरायचे, पण रोज खाणाऱ्यांची बरोबरी त्यांना कधीच करता आली नाही. आठवड्यागणिक ते मागेच पडत गेले. सरांची भरपाई आमच्या हौदांत तरी दिसली नाही. शेवटचं वजन दिवाळीच्या तोंडावर झालं. मी वही मिटली. पदवी आता मिळणार होती, आणि मला आनंद व्हायला हवा होता.

“काय निघालं?” आप्पांनी विचारलं.

“जे उपाशी राहिले ते मागे पडले,” मी म्हटलं. “नंतर कितीही खाऊ घातलं तरी ते दुसऱ्यांना गाठत नाहीत.”

आप्पांनी माझ्याकडे बघितलं, मग वहीकडे. “हे कळायला दोन सालं?”

“हाव, आप्पा.”

“मला इचारायचं व्हतं,” आप्पा म्हणाले. “मोठा दुष्काळ पडला तवा मी वाढीच्या वयात व्हतो. दादाची वाढ आधीच झालती. मंग पाऊस आला, जवारी आली, आईनं लई खाऊ घातलं मला. लई.” त्यांनी हात सरळ करून आपल्या डोक्यावर ठेवला, आणि तसाच आडवा माझ्या खांद्यापर्यंत आणला. “एवढाच ऱ्हायलो.”

दुधाची ती थट्टा मी केली होती. दादा का हसले नव्हते ते मला त्या क्षणी कळलं आणि जमीन दुभंगावी असं वाटलं. मी काहीतरी बोलायला गेले, पण आप्पांनी हात हलवला आणि दगडामागून पितळी डबा काढला. त्यांच्या बायकोने या खेपेला दशम्या करून दिल्या होत्या, गुळाच्या.

“आता तर झालं न्हवं तुमचं?” ते म्हणाले. “सोडू का त्यांचा उपास?”

“सोडा,” मी म्हटलं.

आप्पा चार नंबरच्या दगडावर चढले. मी डब्यातून दोन दशम्या उचलल्या आणि सहा नंबरकडे गेले.